रत्नागिरीच्या शिबिरानंतर, मॅडमना जाहीर पत्र

आदरणीय मॅडम,

शिबिर संपलं, शाल-नारळ झाला आणि तुम्ही मुंबईची गाडी गाठायला निघालात. ते आभार संघटनेचे होते, हे माझे. मुद्दाम जाहीर लिहितोय, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जे दंतवैद्य त्या रविवारी आले नाहीत त्यांच्याही हे कानावर जावं.

पत्रिकेवर विषय वाचून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. बालअत्याचार आणि दातांचा डॉक्टर, यांचा संबंध काय? तुम्ही प्रस्तावना न करता सांगून टाकलंत, की मारहाण झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या जखमा डोकं, चेहरा आणि मान याच भागात असतात. खुर्चीवरचा दिवा लावला की नेमकं तेच तर आमच्यासमोर असतं. मागच्या रांगेतल्या गप्पा तिथेच थांबल्या.

मग कोणीतरी म्हणालंच, "मॅडम, कोकणातलं पोर पडतंच." जांभ्याच्या पायऱ्या, पावसात शेवाळलेलं खळं, मे महिन्यात आंब्याची झाडं. तुम्ही ते उडवून लावलं नाहीत. पडलेल्या मुलाला कुठे लागतं ते आमच्याकडूनच वदवून घेतलंत: कपाळ, नाक, हनुवटी, कोपर, गुडघे. जिथे हाड पुढे येतं तिथे. कान, मान, गालाचा मऊ भाग इथले वळ पडून सहसा येत नाहीत. वरचा ओठ हिरडीला जोडणारा पडदा नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाचा आपटूनही फाटतो. पण जे बाळ अजून रांगतही नाही त्याचा फाटलेला दिसला, तर तोंडात बाटली किंवा चमचा जबरदस्तीनं कोंबला गेला का, हे विचारायलाच हवं. चाव्याच्या खुणेत सुळ्यांमधलं अंतर ३ सेंटिमीटरहून जास्त भरलं तर चावणारा बहुधा मोठा माणूस. टाळूच्या कडक आणि मऊ भागांच्या सीमेवर कारण न सापडणारे लाल ठिपके दिसले, तर लैंगिक अत्याचाराची शंकाही मनात यायला हवी. कॉलेजात टाळू आम्ही पाठ केली होती, पण ती अशी बघायला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच दमात तुम्ही लगामही घातलात, याचं मला विशेष वाटलं. जन्मखूणही निळसर असू शकते, रक्त नीट न गोठण्याचा आजार असू शकतो, वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे छातीठोक सांगू नका. "तुम्ही पोलीस नाही. बघा, लिहा, कळवा." मुलाशी शक्यतो एकट्याशी बोला, साधं "हे कसं लागलं?" एवढंच विचारा, उत्तर त्याच्या तोंडात घालू नका, आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत केस पेपरवर उतरवा. मूल मालवणीत बोललं तर मालवणीतच.

कायद्याचा भाग रुक्ष होणार असं वाटलं होतं. झाला नाही, कारण भीती तिथेच होती. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असेल तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रामाणिक हेतूनं माहिती देणाऱ्यावर मात्र दावा किंवा खटला होत नाही. हे दुसरं वाक्य आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं, देव जाणे. मारहाण आणि हेळसांड यांसाठी मुलांच्या मदतीचा फोन नंबर १०९८ आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती.

आमच्या असिस्टंट मुलींनाही घेऊन या, हा तुमचा हट्ट तेव्हा जाच वाटला होता. आता माझ्याकडे काउंटरवर बसणारी मुलगी माझ्याआधी बघते: मूल कोणाबरोबर आलंय, कोणाचा हात लागला की दचकतं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दुसरंच कोणी देतंय का.

हेळसांडीबद्दलचं तुमचं बोलणं तर मी रोज वापरतो. एक आजी नातवाला आणते, गालाला सूज, दाढेत पू. आधीच्या तारखा चुकवलेल्या. एरवी मी रागावलो असतो. पण समजत असून आणि सोय असून उपचार न करणं ही हेळसांड, हे तुमचं वाक्य डोक्यात होतं. म्हणून आधी विचारलं. मुलाचे आईबाप मुंबईला, गावातून सकाळी एकच एसटी, पैसे गणपतीला येणार. ही हेळसांड नव्हे. जमेल तेवढं काम एका बैठकीत केलं, पैसे सवडीनं द्या म्हटलं, पुढची तारीख गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या कानावर घातली. आजी आली. सोय करून दिल्यावरही कोणी वारंवार फिरकलं नाही, तर मात्र पुढचं पाऊल टाकायचं, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि एकदा १०९८ लावावा लागला. त्याबद्दल इथे अक्षरही लिहिणार नाही. गाव लहान आहे, दोन वाक्यांत मूल ओळखू येईल. फोन लावताना हात जड झाला होता, दुसऱ्या दिवशी बाजारात लोक काय म्हणतील हेही मनात आलं. फोन केला, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं.

तुम्ही अमेरिकेतल्या मिसुरी राज्याचं उदाहरण दिलं होतंत. दंतवैद्यांना याच कामासाठी शिकवणारा 'पांडा' उपक्रम तिथे १९९२ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे असं जिल्ह्या-जिल्ह्यात व्हायला किती वर्षं लागतील, यावर परतीच्या गाडीत आमचा बराच वाद झाला. माझं मत: शासनाची वाट न बघता तालुक्याच्या संघटनांनी सुरू करावं.

त्यासाठीच एक विनंती. पुढचं शिबिर मालवण किंवा वेंगुर्ल्याकडे घ्या, आणि त्यात आशाताई, अंगणवाडी सेविका, जमल्यास पोलीस ठाण्यातलं कोणीतरी असू द्या. शिमग्याचे दिवस तेवढे टाळा, सभागृह रिकामं राहील. हॉल, प्रोजेक्टर आणि जेवण आमच्याकडे लागलं. तारीख कळवा.

आपला कृतज्ञ,
दापोली तालुक्यातला एक दंतवैद्य