फोनवरचा बाबा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. उत्तर फोनवरच दिलं असतं, पण फोनवर शेजारी आई असते आणि विषय गेमवरून गणिताच्या क्लासवर घसरायला वेळ लागत नाही. म्हणून सवडीने लिहितोय. जहाजावरचं वॉच, म्हणजे माझी ड्युटी, संपलंय, जेवण झालंय, केबिनमध्ये एकटाच आहे.

'अर्थबाउंड' गेमच्या नायकाबद्दल, म्हणजे आपण बाळू नाव ठेवलेल्या पोराबद्दल, तू विचारलंयस, "बाळूचा बाबा पूर्ण गेममध्ये घरी येतच नाही का? नुसता फोनवरच असतो का? तुझ्यासारखा?" हेच आईने विचारलं असतं तर तो टोमणा झाला असता. तुझी मी साधी चौकशी धरतो.

नाही, तो दिसत नाही. घरात आई आहे, बहीण आहे, किंग नावाचा आळशी कुत्रा आहे, आणि बाबा म्हणजे फोनवरचा आवाज. गेमच्या शेवटी सगळी पात्रं एकेक करून पडद्यावर येतात ना, तिथेसुद्धा बाबाच्या नावापुढे माणसाचं चित्र नाही, टेलिफोनचं आहे. मी ते पाहून एवढ्या मोठ्याने हसलो की शेजारच्या केबिनमधल्या थर्ड इंजिनिअरने भिंतीवर थाप मारली.

पण हा आवाज काय काय करतो ते जरा बघ. बाळूने वाटेत कुणाशी चार हात केले की पैसे तिथल्या तिथे मिळत नाहीत. बाबा ते बँकेत भरतो आणि तू एटीएममधून काढतेस. म्हणजे अलॉटमेंटच की! आमचा पगारही असाच जातो: हिशोब जहाजावर, पैसे घरच्या खात्यात. लढाईत सगळे आडवे झाले तर बाळूच्या खिशातले निम्मे पैसे जातात, बँकेतल्यांना धक्का लागत नाही. तेव्हा सगळी रोकड घेऊन हिंडू नकोस, हे मी मागच्या सुट्टीतही सांगितलं होतं. शिवाय पुढच्या लेव्हलला किती अनुभव कमी पडतोय, हे त्याला विचारलं की तो सांगतो. आणि गेम सेव्ह करायचा तर त्यालाच फोन लावावा लागतो. बाळूने आजवर जे काही केलं, ते सगळं त्या न दिसणाऱ्या माणसाने लिहून ठेवलेलं असतं. बराच वेळ खेळलीस की तो स्वतःहून फोन करतो, "फार वेळ झाला, आता जरा विश्रांती घे" म्हणून. मी समुद्राच्या मध्यावरून तुला हवा तेव्हा असा फोन करू शकत नाही, त्याचा आला की माझाच आला समज.

आता बाळूचा साथीदार जेफ याच्याकडे बघ. त्याचं प्रकरण तू नुकतंच खेळलीस, म्हणून सांगतो. विंटर्स नावाच्या बर्फाळ मुलखातल्या बोर्डिंग शाळेतून पोरगं मध्यरात्री एकटं निघतं, तळ्यातल्या टेसी नावाच्या अजस्र प्राण्याच्या पाठीवर बसून पलीकडे जातं आणि बापाच्या प्रयोगशाळेत पोचतं. डॉक्टर अँडोनट्स हा बाप दिसतो, हाडामांसाचा आहे, समोर उभा आहे. दहा वर्षांनी मुलाला पाहतोय. आणि म्हणतो काय, तर चष्मा छान दिसतो, डोनट खाणार का. मग आपलं यान त्याच्या हवाली करतो आणि वर सांगतो की दहाएक वर्षांनी पुन्हा भेटू. तू लिहिलंस, "किती विचित्र माणूस!" मला मात्र तिथे हसावं की रडावं कळेना. एक बाप घरात कधीच नसतो, पण पोराचा पैन् पै हिशोब त्याच्याकडे असतो. दुसरा समोर उभा राहून डोनट पुढे करतो. कोणता बरा, ते तू ठरव. मी या बाबतीत तटस्थ नाही, हे उघडच आहे.

जेफला जादू येत नाही, म्हणून तू त्याला मागे ठेवतेस असं दिसतंय. ठेवू नकोस. बॅगेत जी मोडकी यंत्रं तू "भंगार" म्हणून विकायला निघाली होतीस, ती राहू दे. हॉटेलात सगळे झोपले की जेफ रात्रीत एखादं दुरुस्त करून ठेवतो. त्याची हुशारी तेवढी वाढलेली असायला हवी, हे खरं. पण सकाळी उठावं आणि काल बंद पडलेली वस्तू आज चालू असावी, यासारखं सुख नाही. इंजिन रूमवाल्यांना विचार.

आता बाळू लढाईत मधेच गप्प का होतो ते. त्याला घरची आठवण येते. सर्दी होते, ऊन लागतं, विष चढतं, त्याच यादीत या गेमने ही आठवणही घातली आहे. पाळी आली की तो घरच्या विचारात हरवतो आणि फटका मारायचं राहून जातं. पाठीवरच्या बॅगेत यावर औषध नाही. उपाय एकच, आईला फोन लावायचा. ती दोन वाक्यं बोलते आणि पोरगं ताळ्यावर येतं.

आमच्याकडे या कॉन्ट्रॅक्टला एक कॅडेट आलाय, एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच जहाजावर. सुरुवातीला जेवायला बसायचा आणि चपातीचे तुकडे करत राहायचा, खायचा नाही. विचारलं तर म्हणे समुद्र लागतोय. समुद्र तेव्हा ताटातल्या पाण्यासारखा सपाट होता. पण "घरची आठवण येते" हे मेसमध्ये सगळ्यांसमोर कोण म्हणणार? कुकने एके दिवशी काही न विचारता त्याच्यापुढे वरण-भात-तूप-लिंबू ठेवलं. पोराने मान खाली घातली आणि दोनदा भात घेतला. नंतर सॅटेलाइट फोनपाशी बराच वेळ उभा होता. जपानमधल्या कुणाला तरी वाटलं की या गोष्टीला आजारांच्या यादीत उघड जागा द्यावी. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

हे वाटलेला माणूस म्हणजे शिगेसातो इतोई. मूळचा गेम बनवणारा नव्हे, जाहिरातींची वाक्यं लिहिणारा. जपानमध्ये हा गेम 1994 च्या ऑगस्टमध्ये 'मदर 2' या नावाने आला. अमेरिकेत पुढच्या वर्षी 'अर्थबाउंड' झाला. आणि गंमत ऐक: तुला तोंडपाठ असलेल्या 'टोटोरो' या कार्टून सिनेमात, मूळ जपानी बोलीत, त्या दोन बहिणींच्या बाबाला आवाज कुणी दिलाय? यानेच. 1988 साली.

गेम पुरा होण्याची गोष्टही मला, इंजिनिअर म्हणून, गेमइतकीच आवडते. काही वर्षं काम चाललं होतं आणि प्रोग्रॅमचा पार गुंता झाला होता. तेव्हा सातोरू इवाता नावाच्या प्रोग्रॅमरला बोलावलं. त्याने सगळं पाहिलं आणि सांगितलं, आहे तेच दुरुस्त करत बसायचं तर दोन वर्षं लागतील, नव्याने लिहू दिलंत तर अर्ध्या वर्षात होईल. त्यांनी दुसरा रस्ता धरला. हाच इवाता 2002 मध्ये निन्टेन्डोचा, म्हणजे हा गेम काढणाऱ्या कंपनीचा, अध्यक्ष झाला, 2015 मध्ये गेला. आमच्या क्षेत्रात "उघडून परत बसवू" असं मालकाला तोंडावर सांगणारे कमी, आणि सांगून वेळेत बसवून देणारे त्याहून कमी.

तुझी मैत्रीण म्हणाली ना, "ही तर बालवाडीतली चित्रं"? 1995 मध्ये अमेरिकेत पुष्कळांचं मत तेच होतं. त्यात कंपनीने जाहिरात केली की या गेमला घाणेरडा वास येतो, आणि पुस्तिकेसोबत खरोखर खरवडून हुंगायची कार्डं दिली! लोकांना विनोद कळला नाही, गेम खपला नाही. आज तेच डबे जुन्या वस्तू जमवणारे अवाच्या सवा किमतीला घेतात. 2022 पासून तो निन्टेन्डोच्या स्विच या गेम-यंत्रावरच्या जुन्या गेम्सच्या संग्रहात आहे, म्हणून आपल्याला काही न करता मिळाला.

आणि बालवाडी म्हणशील तर, निळ्या रंगाचं ते गाव आठव. घरं निळी, झाडं निळी, गाय पण निळी रंगवलेली, आणि सगळे हसतमुखाने सांगतायत की जग निळं झालं की सुखी होईल. बाळूची साथीदार पॉला, तिला त्यांनी कोंडून ठेवलेलं असतं. रंग खेळण्यांच्या दुकानातले आहेत, पण आत काय चाललंय ते मोठ्यांनाही अस्वस्थ करणारं आहे. उलट जे शत्रू म्हणून अंगावर येतात ते कोण? भटका कुत्रा, खोडकर कावळा, बिथरलेली टॅक्सी, चिडलेली बाई. हरल्यावर कुत्रा शांत होतो, माणूस भानावर येतो. बाळू बराच ताकदवान झाला की हीच मंडळी त्याला पाहून पळ काढतात. त्यांच्यामागे धावत सुटू नकोस, आईला वाटतं तू मुद्दाम वेळ काढतेस.

एक हातचलाखी नीट शिकून घे. मोठा फटका बसला की एचपीचा, म्हणजे उरलेल्या जिवाचा, आकडा एकदम शून्यावर येत नाही, जुन्या रिक्षाच्या मीटरसारखा एकेक घर फिरत खाली येतो. समज 90 उरलेत आणि 120 चा तडाखा बसला. कागदावर बाळू मेला. पण मीटर अजून 90 वरून 70, 60 असा उतरतोय. तेवढ्यात पटकन त्याला बरं कर, नाहीतर समोरच्याला संपव. लढाई संपली की मीटर जिथे असेल तिथे थांबतं. 3 एचपीवर वाचलेल्या बाळूसारखा आनंद पूर्ण बरा असलेल्या बाळूने मला कधी दिला नाही. फक्त त्या वेळी लढाईतला मजकूर वाचत बसू नकोस, बटण दाब.

गेम सुरू करताना नावं विचारतात, तिथे आवडत्या खाण्याच्या जागी "मोदक" आणि आवडत्या गोष्टीच्या जागी "ढोल" लिहायचा तुझा हट्ट मला तेव्हा पटला नव्हता. आता पटला. ईगललँड या काल्पनिक देशातल्या ओनेट गावातली सोनेरी केसांची आई बाळूला मोदक खायला घालते, आणि बाळूच्या सगळ्यात जबर शक्तीचं नाव ढोल! परवा मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि तेच लिहिलं. ढोल वाजला की अख्खा पडदा हलतो.

पुढचं फार सांगणार नाही. एक गाव लागेल जिथे मोठ्या नाकाची बुटकी मंडळी राहतात. ती कॉफी देतील, ती नक्की पी. कॉफी पिताना गेम तुझ्याशी काही बोलेल, तेव्हा घाईने बटण दाबू नकोस. त्याच्या बऱ्याच पुढे एका शहराचं रात्रीतून काहीतरी होईल आणि तिथे "हो" म्हणजे "नाही" असेल. तिथे तुझी चिडचिड होणार, मला माहीत आहे.

यूट्यूबवर उत्तर बघू नकोस. गेममध्येच पैसे घेऊन युक्ती विकणारा माणूस बसलेला असतो, फारच अडलीस तर त्याच्याकडे जा. थ्रीड गावातल्या झॉम्बींचं मात्र मी फुकट सांगतो, कारण तू फारच रडकुंडीला आलेली दिसतेस. आधी अॅपल किडचा, त्या शोध लावणाऱ्या पोराचा, फोन येऊ दे. तो काय पाठवतोय ते घे आणि तंबूत जा. ऑरेंज किड या दुसऱ्या संशोधक पोराला दिलेले पैसे बुडाले, ते विसर. पण अॅपल किडबद्दल "हा नुसता खातो" असं जे लिहिलंयस, ते शब्द मागे घ्यायची तयारी ठेव.

तुझा
बाबा