काटा कुणी बदलायचा?

मा. संपादक,
स. न.

ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या दाबाने साहित्य निर्जंतुक करायच्या मशीनच्या, अपघाताची कालची बातमी आणि शेजारची 'काय काळजी घ्याल?' ही चौकट वाचली. परिचराने दाब उतरण्याआधी झाकण उघडलं, सबब चूक त्याची. एका दिवसात चौकशी उरकली, कौतुक आहे. फोटो मात्र लॉण्ड्रीतल्या कपडे धुण्याच्या मशीनचा छापलात. ३१ वर्षं ऑटोक्लेव्हला साहित्याचे ड्रम लावले म्हणून माझ्या लक्षात आलं.

चौकट म्हणते, दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडू नये. अगदी बरोबर. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या उभ्या ऑटोक्लेव्हचा काटा मशीन थंडगार असतानाही ५ पौंडांवर असायचा. शून्याची वाट बघत बसलो असतो तर अजून तिथेच असतो. नव्या काट्यासाठी मी चार पत्रं लिहिली. 'निधी उपलब्ध होताच' असं उत्तर दोनदा आलं, काटा आला नाही. तोवर आमचे मामा, म्हणजे परिचर, कानावर काम करायचे. वाफेचा नळ सोडायचा, सूं आवाज पुरता थांबला की वर आणखी पाच मिनिटं. मग समोरासमोरचे नट जोडीने ढिले करायचे आणि झाकणाची पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे उरलीसुरली वाफ तोंडावर येत नाही. हे त्यांना आधीच्या मामांनी शिकवलेलं. प्रशिक्षणाला साहेब लोक जायचे.

चौकटीत 'पट्टी काळी झाली की साहित्य निर्जंतुक' हे कुणी लिहून दिलं? पट्टी म्हणजे ड्रमवर लावायची, वाफेने रंग बदलणारी चिकटपट्टी. मार्च १९९६, कुटुंबनियोजनाच्या टाक्याच्या ऑपरेशनचं शिबिर, टार्गेटची घाई. १५ पौंडांवर २० मिनिटं द्यायची, त्यातली १२ झाली आणि लाइट गेली. पाऊण तासाने आली. बायका सकाळपासून उपाशी, सतरंजीवर ओळीने निजलेल्या. सर्जन म्हणाले, "बारा झालीत ना सिस्टर? आठ द्या आणि काढा. पट्टी तर काळी झालीय." मी नवीन होते, होच म्हणणार होते. मामा मधेच बोलले, "पट्टीला वाफ लागली की ती काळी होते साहेब, घड्याळ कळत नाही तिला." आणि नळ उघडून त्यांनी आधी आतली हवा घालवायला घेतली, पहिल्यापासून. हवा कोंडलेली राहिली तर काटा १५ दाखवतो आणि आत १२१ अंश काही होत नाहीत. तुमच्या चौकटीत हवेचा उल्लेखच नाही. साहेब रागावून चहाला गेले. २० मिनिटं पुन्हा मोजली, दाब चढल्यापासून.

बातमीतला भाजलेला परिचर कसा काम करायचा, मला माहीत नाही. पण त्याच्या मशीनचा काटा, गॅसकेट (झाकणाचं रबर), जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह शेवटचे कधी तपासले, हे तुमच्या वार्ताहराने विचारायला हवं होतं. व्हॉल्व्ह गळतो म्हणून तारेने आवळून ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. आवळणारा मेकॅनिक होता, आणि बिलावर सही साहेबांची.

जाता जाता, परिचारिकांच्या रिक्त पदांवरचं माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत आणि नेमका पदांचा आकडाच उडवलात. याही वेळी जागा कमी पडली तर फोटोबद्दलचं वाक्य काढा. चार पत्रांचं राहू द्या.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा