बाई, त्या नकाशाबद्दल मनापासून आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

‘द ऑक्टोबर मॅन’ वाचून झालं. पुस्तक परत द्यायला बेळगावात शहापूरला येईनच, पण तुमच्यासमोर बसले की चहा आणि इकडच्या तिकडच्या चौकशीतच वेळ जातो. सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही मालिका तुम्हीच माझ्या हाती दिलीत. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला एवढी इंग्रजी कादंबरी झेपेल का, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बेन आरोनोविच यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या गोष्टीत पीटर ग्रँट हा लंडनचा पोलीस शिपाई जादूटोण्याचे गुन्हे तपासतो आणि शहरातल्या नद्या बायामाणसांच्या रूपात वावरतात. रस्त्यांखाली गाडल्या गेलेल्या फ्लीट आणि टायबर्न यांनाही तिथं रूप आहे, रुसवे आहेत, मान आहे. मलप्रभेच्या काठी, खानापुरात वाढलेल्या मला यात परकं काही वाटलंच नाही. नदीची ओटी भरणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघत आले.

म्हणून ‘द ऑक्टोबर मॅन’ हे याच मालिकेचं २०१९ चं जोडपुस्तक उघडलं आणि मन खट्टू झालं. पीटर नाही, लंडन नाही. जर्मनीतलं ट्रियर शहर आणि टोबियास विंटर नावाचा नवाच पोलीस. बरं, नवा म्हणावा तर बोलतो थेट पीटरसारखा! तशीच तिरकस शेरेबाजी, तसंच मध्येच शहराचा इतिहास सांगत बसणं. मी अर्ध्यावर ठेवून दिलं आणि तुम्हाला फोन केला.

तुम्ही माझी समजूत घालत बसला नाहीत. पुढच्या भेटीत जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं मोझेल नदी काढलीत, तिच्या उतारांवर द्राक्षमळ्यांच्या बारीक रेघा ओढल्यात आणि ट्रियरच्या जरा वरच्या अंगाला, प्रवाह येतो त्या बाजूला, लक्झेंबर्गची हद्द दाखवलीत. तिथं मोझेल दोन देशांच्या मधून वाहते, पण सीमारेषा पाण्याच्या मधोमध नाही. १८१६ च्या करारापासून तेवढं पात्र दोघांच्या सामाईक मालकीचं आहे, हे तुम्ही सांगितलंत. बाई, आपल्या सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते मी वेगळं लिहायला नको.

मग ती बुरशी. पुस्तकात प्रेत सापडतं ते द्राक्षांवरच्या बोट्रायटिस बुरशीनं माखलेलं. अथणीकडच्या बागायतदाराला बुरशी म्हटलं की धडकी भरते. तुम्ही मात्र तिची दुसरी बाजू सांगितलीत: हवा सतत दमट राहिली तर घड कुजतात, पण सकाळचं धुकं आणि दुपारचं कोरडं ऊन मिळालं तर तीच बुरशी द्राक्ष सुकवते, साखर दाट होते आणि त्यातून महागडी गोड वाइन बनते. एवढं कळल्यावर गुन्ह्यामागचं सगळं गाव, मळे आणि नदीशी असलेलं त्यांचं जुनं नातं मला दिसायला लागलं. उरलेलं पुस्तक एका रात्रीत संपलं.

तरी माझं मन पूर्ण भरलेलं नाही. ट्रियर आवडलं, व्हनेसा सोमर ही तिथली पोलीस तर फारच आवडली. नवी गोष्ट कळली की तिचे डोळे चमकतात. पण टोबियासचा आवाज त्याचा स्वतःचा हवा होता, आणि एवढ्या छोट्या पुस्तकात शेवट घाईनं उरकलाय. तुम्हाला हे पटत नाही, मला ठाऊक आहे. तरीही माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, ‘अगं, तुला कळलं नाही’ असं म्हणाला नाहीत. शाळेतही तुम्ही अशाच होतात. आभार मानते आहे ते मुख्यतः याचे.

याच मालिकेतलं ‘विंटर्स गिफ्ट्स’ तुमच्या कपाटात आहे, मी पाहिलंय. त्यात गोष्ट अमेरिकेत जाते म्हणे. पुढच्या वेळी ते द्या, आणि विस्कॉन्सिनचा नकाशाही काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी,
खानापूर