टीचर, तुमच्या डाव्या हाताला थँक्यू

टीचर, नमस्कार.

हे पत्र असं सगळ्यांसमोर टाकतोय कारण व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहिलं की तुम्ही एक अंगठा पाठवून मोकळ्या होता, आणि समोर बसून आभार मानायला गेलो तर "पुरो रे" म्हणत उठून किचनमध्ये जाता. इथून उठून जायची सोय नाही, म्हणून इथे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. टीचर म्हणजे परीक्षेला माझ्या सॅक्सोफोनला पियानोवर साथ करणाऱ्या. मी पुण्यात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकाउंट्स बघतो, वय एकोणचाळीस, मूळचा सातारचा. बाबांनी लग्नाच्या ब्रास बँडमध्ये उभं आयुष्य क्लॅरिनेट वाजवलं. मी चार वर्षं अल्टो सॅक्सोफोन शिकतोय आणि गेल्या वर्षी डोक्यात आलं की वेस्टर्न म्युझिकची पाचव्या ग्रेडची परीक्षा द्यायचीच. सॅक्सच्या सरांनी जे पीस काढून दिले त्यातले दोन बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातले, निघाले, एक बाखचं अरिओसो आणि दुसरे हँडलच्या एफ मेजर सोनाटातले दोन भाग. आता गंमत अशी की बाख गेला १७५० ला, हँडल १७५९ ला, आणि अडॉल्फ सॅक्सने पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं १८४६ ला. दोघांनीही हे वाद्य डोळ्यांनी बघितलेलं नाही. अरिओसो मुळात ओबोसाठी (सनईसारखं फुंकायचं वाद्य) आहे, १७२९ च्या सुमाराच्या एका कांटाटाची, म्हणजे चर्चमध्ये गायच्या रचनेची, सुरुवात, आणि सोनाटा आहे रेकॉर्डरसाठी, म्हणजे ती उभी धरून वाजवायची लाकडी बासरी. त्यामुळे सॅक्सवाल्याने हे वाजवायचं म्हणजे मोठ्या भावाचा शर्ट आल्टर करून घालण्यातला प्रकार, कुठेतरी बगलेत काचणारच.

पण मला तेव्हा वाटायचं की पुस्तकात "अल्टो सॅक्सोफोन आणि पियानो" असं छापलंय ना, मग झालं की. पियानोचं मी फोनवरच्या ट्रॅकवर भागवत होतो. ट्रॅकचं एक बरं असतं, तो चिडत नाही. आणि एक वाईट, तो थांबतही नाही. तुमचा श्वास संपो, रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी) चिकटो, पान उलटायचं राहो, तो आपला एसटीसारखा सुटतो आणि तुम्ही मागून पळत राहता. परीक्षेला खरा पियानोवाला हवा म्हणून दोन ठिकाणी विचारलं, एकाने फी अशी सांगितली की मी फोन ठेवून आधी पाणी प्यायलो, दुसरे म्हणाले सॅक्सवर बरोक बरं वाटत नाही हो. मग सरांनी तुमचा नंबर दिला.

पहिल्या दिवशी तुम्ही माझं काही ऐकूनच घेतलं नाहीत आठवतंय? सॅक्स बॅगेतच राहू दे म्हणालात. हँडलचं पान पियानोवर ठेवलंत, पेन्सिल घेतलीत आणि उजव्या हाताच्या सगळ्या ओळीवर एक हलकी आडवी रेघ मारलीत. सगळ्या! मी हादरलो, पुस्तक सातशे रुपयांचं होतं. मग म्हणालात, "हें हँडलान बरोवंक ना रे. त्याने दोनच ओळी लिहिल्या, एक तुझी आणि एक खालची. मधलं हे कुठल्यातरी एडिटरने भरलंय."

मला हे खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की पियानोचा पार्ट म्हणजे पियानोचा पार्ट, कंपोझरनेच लिहिलेला. तुम्ही समजावलंत की तेव्हा बेसची ओळ लिहायचे आणि तिच्यावर आकडे टाकायचे, हार्पसिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड) ते आकडे बघून जागच्या जागी सूर भरायचा. आकडा नाही म्हणजे बेसवर तिसरा आणि पाचवा, सहाचा आकडा म्हणजे तिसरा आणि सहावा, चार-तीन म्हणजे चौथा थोडा अडकवून ठेवायचा आणि मग तिसऱ्यावर सोडायचा. मी अकाउंट्सवाला माणूस, आकडे म्हटल्यावर माझे कान टवकारले, आणि तो चार-तीन तुम्ही वाजवून दाखवलात तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी जो सूर तीन महिने नुसता लांबवत होतो तो का लांबवायचा असतो. कारण खाली काहीतरी अडकलेलं असतं ना, आणि ते सुटेपर्यंत मी थांबायचं असतं.

रात्री घरी जाऊन बाबांना फोन केला. म्हटलं असं असं आहे, फक्त खालची ओळ लिहितात आणि वरचं माणूस आपल्या मनाने भरतो. बाबा म्हणाले मग आमचं काय वेगळं होतं, युफोनियमवाल्याने (बँडमधलं जाड आवाजाचं पितळी वाद्य) खालचं पकडलं की बाकीचे आपापलं भरायचे. एवढं बोलून फोन ठेवला त्यांनी.

पुढचे तीन आठवडे तुम्ही फक्त डावा हात वाजवलात. मला कंटाळा आला होता, खरं सांगतो. एवढ्या लांब कॅम्पात यायचं आणि समोर एक एक सूर टक टक. पण "तुझी गाठ ह्याच्याशी आहे, उजव्या हाताशी नाही" हे तुमचं म्हणणं चौथ्या आठवड्यात पटलं, जेव्हा उजवा हात आला आणि मी घाबरलो नाही, कारण माझं लक्ष खाली लागलेलं होतं.

आणि तो उजवा हात तुम्ही स्वतः लिहून आणला होतात. वहीच्या पानावर, पेन्सिलने. ह्यासाठीच मुळात हे पत्र आहे.

कारण काय होतं, रेकॉर्डरचा आवाज वरून जातो, खालच्या कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांच्या, डोक्यावरून. माझ्या पुस्तकात सॅक्सला झेपावं म्हणून सगळं एक ऑक्टेव्ह, म्हणजे एक सप्तक, खाली उतरवलेलं, पण पियानोचा उजवा हात मात्र जिथल्या तिथेच. मग माझा सूर आणि तुमचा कॉर्ड एकाच खोलीत कोंबलेले, लोकलच्या सेकंड क्लाससारखे. मला वाटायचं माझा टोन खराब आहे, आणखी जोरात फुंकायचो, मग तो खरंच खराब व्हायचा. तुम्ही कॉर्डमधले वरचे सूर काढून टाकलेत, काही खाली सरकवलेत, दोन ठिकाणी उजवा हात पूर्ण गप्प ठेवलात. पेडल तर पायाखाली असून नसल्यासारखा. हार्पसिकॉर्डचा सूर छेडला की विरतो, तो काही ताणून धरता येत नाही, मग पियानोने कशाला लोळायचं, हे तुमचंच वाक्य. त्या रविवारी मला माझा स्वतःचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. मी काहीही वेगळं केलं नव्हतं!

अरिओसोची गोष्ट वेगळी. तिथे प्रॉब्लेम श्वासाचा होता. सूर संपतच नाहीत, एकातून दुसरा निघतो, आणि पुस्तकात त्यावर हे लांबच लांब स्लर, म्हणजे सूर न तोडता वाजवायच्या कमानी, काढलेले. मी ते सगळे एका दमात करायचा प्रयत्न करायचो आणि पाचव्या बारला (मात्रांच्या पाचव्या घराला) माझा चेहरा टोमॅटो. तुम्ही पान बघून हसलात, म्हणालात हे बोइंग आहे, म्हणजे व्हायोलिनचा गज कसा फिरवायचा त्याच्या खुणा, कोणीतरी व्हायोलिनच्या कॉपीवरून उचललंय, गजाला फुफ्फुसं नसतात. तुमचे पप्पा मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे, म्हणून तुम्हाला ते एका नजरेत दिसलं, मला आयुष्यात दिसलं नसतं. मग आपण दोघांनी बसून श्वासाच्या जागा ठरवल्या, आणि प्रत्येक जागेवर तुम्ही स्वतःच्या पार्टमध्ये काहीतरी केलंत, कुठे बेसला एक छोटी पायरी जास्तीची, कुठे कॉर्ड एकदम न देता खालून वर मोडून, म्हणजे मी श्वास घेतोय तेवढ्यात ऐकणाऱ्याचं लक्ष तुमच्याकडे जावं. आणि शेवटच्या ओळीवर देवनागरीत "सवकास" लिहिलंत. इटालियन शब्द छापलेला होताच, त्याच्या डोक्यावर. ते पान मी फोटोकॉपी करून लॅमिनेट केलंय, ओरडू नका.

मी एकदा भीत भीत विचारलं होतं की टीचर, असं बदललेलं चालतं का, बाखचं आहे शेवटी. तर तुम्ही म्हणालात बाखनेच हेच अरिओसो पुढे हार्पसिकॉर्डच्या कॉन्चेर्टोत, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशा रचनेत, घातलं, वेगळ्या पट्टीत, वर नक्षी वाढवून. आणि हँडलने हाच एफ मेजर सोनाटा उचलून ऑर्गन कॉन्चेर्टो केला, १७३८ ला छापूनही आला तो. "तांणी केलें तर चलता आनी हांवें केलें तर पाप?" ह्यावर मी काय बोलणार.

परीक्षेच्या दिवसाचं मात्र लिहितोच, कारण तुम्ही कोणाला सांगत नाही. सेंटरवर डिजिटल पियानो होता. तुम्ही ए दिलात, मी माझा एफ शार्प लावला (अल्टो सॅक्सवर तोच सूर एफ शार्प म्हणून वाजवतात), आणि ते इतकं भयंकर वाजलं की परीक्षकांनी मान वर केली. मी घामाघूम. माउथपीस बाहेर ओढतोय, ओढतोय, आता निघून हातात येईल अशी वेळ, तरी जुळेना. तुम्ही शांतपणे चष्मा वर केलात, पियानोच्या कोपऱ्यातला एक बारीक लाल दिवा बघितलात आणि दोन बटणं दाबलीत. आधीच्या कुणीतरी ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायचं सेटिंग, अर्धा सूर खाली ठेवलं होतं. आणि मग त्या खोलीत, परीक्षकांसमोर, मला हळूच म्हणालात, "बरोक पिच दिली रे त्यांनी." जुन्या वाद्यांवर बरोक वाजवणारे बहुतेक आपला ए ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे आपल्या ४४० पेक्षा अर्धा सूर खालीच, हे मला तुम्हीच कधीतरी सांगितलेलं. मी खुदकन हसलो आणि हसल्यामुळे पोट सैल झालं, खांदे खाली आले, अरिओसोचा पहिला श्वास जसा हवा तसा आला. ट्रॅकने हे केलं नसतं.

मेरिट मिळालं हे तुम्हाला माहीत आहे. रिपोर्टमध्ये फ्रेझिंगबद्दल आणि श्वास नीट विभागल्याबद्दल चांगलं लिहून आलंय, माझ्या नावावर. ते मार्क कुणाचे आहेत हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. आणि फीचं, तुम्ही फक्त परीक्षेच्या दिवसाचे पैसे घेतलेत, रिहर्सलचे विचारले तर म्हणालात साताऱ्याहून कंदी पेढे आण. अकाउंट्सच्या माणसाला असा हिशोब रात्री झोपू देत नाही हो. मी मोजलं, सव्वीस रविवार होतात. पेढे किती होतात ते मी काढत बसत नाही.

आता एक कामाचं. येत्या रविवारी बाबा पुण्यात आहेत आणि क्लॅरिनेट घेऊन यायचं म्हणतायत. तोंडाने म्हणाले नुसतं ऐकायला येतो, पण काल त्यांनी नवीन रीड मागवल्या, त्यामुळे काय ते समजा. अरिओसोमध्ये त्यांच्यासाठी एक दुसरी ओळ काढाल का? साधीच, मधे मधे लांब सूर. त्यांची क्लॅरिनेट बी फ्लॅट आहे म्हणजे त्यांना जी मेजर पडेल, पण स्टाफ नोटेशन त्यांना येत नाही, तुम्ही लिहून दिलंत की मी सा रे ग म मध्ये उतरवून देतो. आणि श्वासाच्या खुणा करू नका, चिडतील. वरातीत बस स्टँडपासून मांडवापर्यंत वाजवलेला माणूस आहे.