मा. गृहमंत्री साहेब, तिला फक्त एक वर्षाची मुदत द्या

मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस
सप्रेम नमस्कार,

साहेब, मी पुण्यात कर्वेनगरला राहते. मिस्टर गेल्यापासून घरातली एक खोली शिकणाऱ्या मुलींना भाड्याने देते. २०१९ मध्ये तिथे एक अफगाण मुलगी राहायला आली, हेरातची. परदेशी माणूस घरात राहायला आला की घरमालकाने २४ तासांच्या आत त्याच्या नोंदणीचा फॉर्म सी भरायचा हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तो फॉर्म आम्ही दोघींनी डायनिंग टेबलावर बसून भरला, तिला मराठी येत नव्हतं आणि मला कॉम्प्युटर येत नव्हता. आता ती मला काकू म्हणते आणि भाजीवाल्याशी घासाघीस माझ्यापेक्षा चांगली करते.

हे पत्र तिच्या व्हिसासाठी लिहितेय. तिचं एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, पण पासपोर्टची मुदत संपत आलीय आणि पासपोर्ट व्हॅलिड नसेल तर व्हिसा वाढत नाही. पासपोर्ट नवीन करायचा तर तो तिच्या देशाने करून द्यायचा, आणि गाडी नेमकी तिथेच अडलीय, कारण ज्या सरकारने तिला पासपोर्ट दिला ते सरकार १५ ऑगस्ट २०२१ ला गेलं आणि तालिबान आलं. त्या दिवशी आपल्याकडे झेंडावंदन होतं, मी सोसायटीतून जिलबी घेऊन वर आले तर ही फोन हातात धरून जमिनीवर बसलेली, काबूल पडलं एवढंच म्हणाली. ती जिलबी तशीच राहिली.

त्यानंतर काय काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. दिल्लीतला अफगाणिस्तानचा जुना दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. वर्षभराने त्यांच्या मुंबईच्या वकिलातीत तालिबानने आपला माणूस नेमला. म्हणजे आज पासपोर्टसाठी तिने त्यांच्याकडेच जायचं, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, हेरातचा पत्ता सगळं लिहून द्यायचं, आणि तिचा मोठा भाऊ आधीच्या सरकारच्या नोकरीत होता. तो आज कुठे राहतो हे ती मलाही सांगत नाही आणि मी विचारत नाही. अर्ज केला की तालिबानची माणसं तिच्या घरी जातील, ही तिची भीती आहे, आणि मी आई आहे, मला ती भीती खोटी वाटत नाही.

कोणी म्हणेल की मग परत जा. साहेब, परत जाऊन ती करणार काय? डिसेंबर २०२२ पासून तिथे मुलींना युनिव्हर्सिटी बंद आहे, सहावीच्या पुढे शाळा पण नाही, घरातला पुरुष बरोबर नसेल तर बाईने लांबचा प्रवास करायचा नाही. काबूलच्या एअरपोर्टवर उतरून ही एकटी हेरातला तरी कशी पोचणार? ऑक्टोबर २०२३ च्या भूकंपात तिच्या घराला तडे गेले, आई कितीतरी रात्री बाहेर तंबूत झोपली, आणि तीच आई फोनवर सांगते, येऊ नकोस, शिकून घे.

तिला उशीर का झाला तेही सांगते, म्हणजे गैरसमज नको. आधी एक वर्ष इंग्लिशचा कोर्स, मग बी.एस्सी., आणि मधलं एक वर्ष फीमुळे गेलं. तिकडच्या बँकांतून पैसे निघेनात, स्टुडंट व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही, आणि तिने ती केली पण नाही. त्या वर्षी मी भाडं घेतलं नाही, ती वहीत लिहून ठेवायची, अजून ती वही तिच्याकडे आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाहीये, ही मुलगी नियम पाळणारी आहे एवढं आपल्यापर्यंत पोचावं म्हणून सांगतेय. निळ्या फाइलमध्ये तिचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावलेला आहे, बोनाफाइड, फीच्या पावत्या, भाडेकरार, जुन्या परवानग्या. आम्ही परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात तीनदा खेटे घातले, तिथली माणसं नीट बोलली, पण नियमात बसत नाही तर ते तरी काय करणार. म्हणून तर तुमच्याकडे आले.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांसाठी जो नवीन कायदा लागू झालाय त्यात व्हिसाची मुदत संपून राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. घुसखोरांसाठी कायदा कडक हवाच, माझं दुमत नाही. पण जी मुलगी स्वतःहून तारीख संपायच्या आधी तुमच्या दारात येऊन उभी राहते तिला त्याच रांगेत कसं धरायचं?

आणि सवलत देणं आपल्याच हातात आहे, दिलेलीही आहे. कोरोनात अडकलेल्या परदेशी लोकांचे व्हिसा आपल्याच मंत्रालयाने दंड न घेता वाढवले होते, सप्टेंबर २०२१ पर्यंत. याच नवीन कायद्याखाली अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट मिळाली, चांगलंच झालं. ही मुसलमान आहे म्हणून त्यात बसत नाही. मी तिच्यासाठी नागरिकत्व मागत नाहीये, कायमचं राहणं पण नाही.

एवढंच मागते की पासपोर्टची मुदत संपली तरी आधीच्याच पासपोर्टवर तिला एक वर्ष वाढवून द्यावं, त्या वर्षात तिच्यावर ओव्हरस्टेचा, म्हणजे मुदत संपून राहिल्याचा, शिक्का बसू नये, आणि तसं लेखी असावं, कारण तोंडी शब्दावर कॉलेज परीक्षेला बसू देणार नाही. पुण्यात अशी ही एकटीच नाही, तेव्हा एकच परिपत्रक काढलंत तर प्रत्येकाला वेगळं पत्र लिहावं लागणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला, तो देशाचा निर्णय आहे, त्यावर मी काय बोलणार, पण त्यासाठी या मुलींना तालिबानच्या खिडकीवर उभं राहायला लावू नका.

तिचा प्रोजेक्ट अर्धा झालाय, रात्री दोनपर्यंत खोलीत लाइट चालू असतो. व्हिसा संपायला एकोणीस दिवस राहिलेत. सोमवारी सकाळी आम्ही दोघी ती निळी फाइल घेऊन परत जाणार आहोत, त्याच्या आधी आपल्याकडून काही कळलं तर फार उपकार होतील.

आपली नम्र,
एक घरमालकीण, कर्वेनगर, पुणे