‘हलके काम’ म्हणजे नेमके कोणते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैद्यकीय कारणांमुळे कामावर मर्यादा आलेल्या पोलिसांच्या नेमणुकांचे वाद वरचेवर सरकारी नोकरांचे सेवेविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात आणि तेथून उच्च न्यायालयात जातात. त्यांच्या बातम्या मात्र ‘आजारी पोलिसाला दिलासा’ किंवा ‘बदली हा सेवेचाच भाग’ अशा दोनच मथळ्यांत संपतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी हजेरी मास्तर म्हणून इतरांच्या ड्यूट्या लावल्या आहेत, त्यामुळे हा वाद मुळात कोठे सुरू होतो ते मी जवळून पाहिले आहे. पुष्कळदा त्याचे मूळ वैद्यकीय प्रमाणपत्रावरील दोन शब्दांत असते : हलके काम.

डॉक्टर ‘हलके काम द्यावे’ असे लिहून सही करतात. हृदयात स्टेंट बसवलेल्या हवालदाराला ठाणे अंमलदाराची खुर्ची द्यावी, ते बैठे काम आहे, असे कोणालाही वाटेल. पण तक्रारदार, आरोपी, त्यांचे नातेवाईक आणि प्रसंगी जमावही त्या खुर्चीसमोरच येऊन उभा राहतो, आणि रात्रपाळीला ती सोडून उठता येत नाही. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्याला तर सलग बसून सीसीटीव्ही पाहणे हेच जड काम असते. इन्सुलिन घेणारा शिपाई बहुतेक कोणतेही काम करू शकतो, फक्त त्याची जेवणाची वेळ चुकता कामा नये, आणि बंदोबस्तात नेमकी तीच चुकते. या तिघांच्याही प्रमाणपत्रावर शब्द मात्र तेच दोन.

मग त्या शब्दांचा अर्थ लावतो हजेरी मास्तर, तोही तोंडी. मी स्वतः एका शिपायाचे प्रमाणपत्र खुलाशासाठी दोनदा परत पाठवले होते. दोन्ही वेळा ते त्याच शब्दांनिशी परत आले, आणि मनुष्यबळ कमी असल्यामुळे मी त्याचे नाव रात्रगस्तीच्या यादीत तसेच ठेवले. तोंडी आदेशाविरुद्ध दाद मागायची तर हातात कागद नसतो, म्हणून माणूस सिक रजेवर जातो. रजा लांबली की गैरहजेरीची नोटीस निघते, विभागीय चौकशी लागते, आणि प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे पोहोचेपर्यंत फाइलवरचा विषय ‘आदेशाचा भंग’ असा झालेला असतो. आजार त्यात बचावाचा एक मुद्दा म्हणून मागे कोठेतरी उरतो.

कायदा याबाबत मुका नाही, पण तो दोन तोंडांनी बोलतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ नुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते आणि त्याला राज्यात कोठेही कामाला लावता येते. शिवाय बदलीयोग्य पदावरील कर्मचाऱ्याला एकाच ठिकाणी राहण्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २०(४) सांगते की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. त्याच्या पदाचे काम त्याला झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे, आणि तसे पद नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, त्याला अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा, पदावर ठेवावे. अशीच तरतूद १९९५ च्या जुन्या कायद्यात होती आणि तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये, ड्यूटीवरील दुखापतीनंतर पाय गमावलेल्या सशस्त्र दलातील एका शिपायाला संरक्षण दिले. केंद्रीय दलांतील लढाऊ पदांना २००२ मध्ये त्या तरतुदीतून सूट देण्यात आली होती; तरीही २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील मानसिक आजार असलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने वेतन कायम ठेवून पर्यायी पदाचा मार्ग दाखवला, आणि त्याच्या हाती शस्त्र येणार नाही याची काळजी घेण्याची मुभा खात्याला दिली. मला हा निकाल सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात माणसाचे काय चालेल आणि काय चालणार नाही हे वेगवेगळे केले आहे.

खरी अडचण मधल्या लोकांची आहे. स्टेंट, रक्तदाब, मधुमेह, मणका असलेल्या बहुतेकांकडे दिव्यांगत्वाचा दाखला नसतो आणि मिळण्याची शक्यताही कमी असते. रंगांधत्वामुळे नोकरीतून कमी केलेल्या तेलंगणातील एका बसचालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पर्यायी काम शोधण्याची जबाबदारी मालकावर टाकली, हे खरे. पण प्रत्येक हवालदाराने तेवढी मजल मारावी, अशी अपेक्षा कशी करणार?

सहकाऱ्यांची तक्रारही खोटी नाही. एकाचे नाव रात्रगस्तीतून काढले की ती रात्र दुसऱ्याच्या माथी येते, आणि खोट्या प्रमाणपत्राच्या जोरावर वर्षानुवर्षे सोयीच्या शाखेत बसलेली माणसेही मी पाहिली आहेत. अशांमुळेच खऱ्या आजाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. मात्र मोघम प्रमाणपत्राचा सर्वाधिक फायदा याच मंडळींना होतो, कारण त्यावर मर्यादा लिहिलेली नसते आणि मुदतही नसते.

केंद्रीय दलांत ‘शेप’ पद्धतीने मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी अशा पाच बाबींची वेगवेगळी श्रेणी लावतात. तेथेही वाद होतात, पण निदान कशावरून वाद आहे हे कागदावर दिसते. आमच्याकडे येणाऱ्या प्रमाणपत्रांवर असे रकाने मला कधी दिसले नाहीत. सलग किती तास उभे राहता येईल, रात्रपाळी चालेल का, वाहन चालवता येईल का, शस्त्र द्यावे का, आणि फेरतपासणी कधी, एवढे पाच प्रश्न वैद्यकीय मंडळाने भरून द्यावेत आणि त्यांनुसार लावलेली ड्यूटी घटकप्रमुखाच्या (जिल्ह्यात अधीक्षक, शहरात आयुक्त) लेखी, सकारण आदेशाने लावावी. दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि बदल्यांचे धोरण ठरवण्याचा अधिकार २०१६ च्या कायद्याच्या कलम २०(५) ने शासनाला दिलेलाच आहे. त्याच धोरणात दाखला नसलेल्या आजाऱ्यांचीही सोय करता येईल. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असून त्याने तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची आहे. आपल्या घटकात हा अधिकारी कोण, हे नोकरीत असताना मलाही ठाऊक नव्हते. त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक हजेरीच्या फलकाशेजारी लावायला नव्या शासन निर्णयाचीही गरज नाही.

आपला,
एक निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक