बाईसाहेब, एक कागद तुझ्याकडे ठेवायचाय

प्रिय बाईसाहेब,

तब्येत बरी आहे, आईच्या गुडघ्याचं चालूच असतं, बाकी ठीक. आता मुद्द्याचं. हे मेसेजमध्ये मावणार नाही आणि फोनवर लंबूचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, म्हणून सरळ लिहायलाच बसले. शेवटपर्यंत वाच, शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

परवा लॅपटॉपचं बायोस (मशीन चालू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट आलं, मी केलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि विंडोज यायच्या ऐवजी निळा स्क्रीन, रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायची राखीव किल्ली, टाका म्हणून. ४८ आकडे. घाबरायचं कारण नव्हतं. मशीन सुरू होताना काय काय चालू होतंय ते त्यातली टीपीएम चिप तपासते, बायोस बदललं की तिला मशीन ओळखीचं वाटत नाही आणि ती डिस्कची की सोडत नाही, आणि तिने तसंच करायला हवं. की लिहिलेला कागद ड्रॉवरमध्ये होताच. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकेक टाकत गेले. प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो, त्यामुळे आकडा चुकला तर तो गट तिथल्या तिथे नाकारला जातो, ही सोय ज्याने केली त्याचं भलं होवो. पण पाचव्या की सहाव्या गटाला माझे हात थांबले, कारण मला एकदम आपण दोघी आठवलो, लंबू गेल्यावर त्याच्या खोलीत, त्याच्या बहिणीसमोर, त्याची कुलूपबंद डिस्क उघडायला त्या काळ्या स्क्रीनवर एकामागून एक पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) टाकत बसलेल्या. मांजरीचं नाव टाकलं, त्या गाण्याची पहिली ओळ टाकली, तुझं नाव टाकलं (तू लाल झाली होतीस, मी बघितलंय, आता नाही म्हणू नकोस). हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

मुळात मी एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करण्याच्या, फंदात पडले कशी ते सांगते. आमच्या युनिव्हर्सिटीत आता स्वतःचं मशीन नेटवर्कवर आणायचं तर आधी रजिस्टर करावं लागतं, आणि त्यावर संशोधनाचा डेटा असेल तर पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून तसा पुरावा जोडावा लागतो. फॉर्ममध्ये नाव, विभाग, मशीनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन, अँटिव्हायरस, आणि वाय-फाय आणि लॅन दोन्ही कार्डांचे मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या कार्डांचे ओळख नंबर. आमच्या विभागात यावरून बरीच कुरकुर झाली, ही पाळत आहे म्हणून. मला तसं वाटत नाही. मॅक ॲड्रेस काही गुपित नसतं, वाय-फाय एन्क्रिप्टेड असलं तरी तो हवेत उघडाच फिरत असतो, जवळ बसलेला कोणीही वाचू शकतो. तो घेण्याचं साधं कारण म्हणजे एखाद्या मशीनला काही लागलं आणि ते नेटवर्कभर घाण सोडायला लागलं तर कोणाला फोन करायचा ते कळावं. मी हेल्पडेस्कला जाऊन सरळ विचारलं, तुम्हाला माझं काय काय दिसतं? तिथल्या मुलाने नीट उत्तर दिलं: कधी लॉगिन केलं, कुठल्या ॲक्सेस पॉइंटवर आहे, कुठल्या पत्त्यांकडे ट्रॅफिक जातंय, एवढं. एचटीटीपीएसच्या, म्हणजे एन्क्रिप्टेड वेबसाइटच्या, आतला मजकूर दिसत नाही. मशीनमध्ये त्यांचं कुठलंही ॲप टाकायचं नव्हतं, असतं तर मी आधी त्याच्या परवानग्या वाचल्या असत्या, कारण अशा काही ॲपना दुरून मशीन पुसायचा अधिकार असतो.

फोन रजिस्टर करताना मात्र लोकांचा गोंधळ उडतो, कारण अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन प्रत्येक नेटवर्कला खोटा, बनवलेला मॅक ॲड्रेस दाखवतात. सोय चांगली आहे, बाहेर ती चालूच ठेव, फक्त रजिस्टर केलेल्या नेटवर्कपुरती बंद करावी लागते नाहीतर ते ओळखतच नाही. आणि तू तुझ्या ऑफिसच्या वाय-फायला पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेटचं विचारलं तर वाचल्याशिवाय ओके दाबू नकोस हं, त्याच नावाचं खोटं नेटवर्क कोणीही उभं करू शकतं आणि तू पासवर्ड तिथे देऊन मोकळी होशील. तुझी ओके दाबायची घाई मला माहितीये, ज्या वेगाने तू टर्म्स अँड कंडिशन्स पार करतेस त्या वेगाने थिसिस लिहिला असतास तर माझ्याआधी डॉक्टर झाली असतीस.

एन्क्रिप्शनचं मात्र मी नियमासाठी केलं नाही, नियम नसता तरी केलं असतं. माझ्याकडे संशोधनासाठी घेतलेली त्या बायकांची रेकॉर्डिंग्ज आहेत. नावं मी बदललीत, पण आवाज कसा बदलणार, आणि घरातलं जे त्यांनी सांगितलंय ते ज्याच्याबद्दल सांगितलंय त्याच्या कानावर गेलं तर काय होईल हे तुला सांगायला नको, तू त्यातल्या दोघींना भेटली आहेस. विंडोजच्या लॉगिन पासवर्डने काही होत नाही. डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची, सगळं वाचता येतं. हे लंबू आपल्याला किती वेळा सांगायचा आणि आपण त्याला संशयात्मा म्हणायचो.

करताना एका ठिकाणी विचारतं, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू की पूर्ण डिस्क? नवीन मशीन असेल तर पहिलं चालतं. जुन्या मशीनवर पूर्णच करावी, कारण आपण डिलीट केलेल्या फाइल्स रिकाम्या दिसणाऱ्या जागेत पडून असू शकतात आणि माझ्या त्या जागेत पहिल्या फेरीची रेकॉर्डिंग्ज असणार. आधी बॅकअप घेतला, चार्जर लावला आणि रात्रभर चालू ठेवलं. मग बॅकअपची डिस्कसुद्धा एन्क्रिप्ट केली, ती उघडी ठेवली तर लॅपटॉपला कुलूप लावून उपयोग काय. आता बाहेर निघताना मशीन पूर्ण बंद करते, नुसतं झाकण मिटत नाही, कारण स्लीपमध्ये की मेमरीत तशीच असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी दाखवलं होतं की वीज गेल्यावरही मेमरीतलं लगेच पुसलं जात नाही, चिप थंड केली तर काही मिनिटं टिकतं आणि त्यातून की काढता येते. आणि हेही खरं की मशीन चालू असताना, मी लॉगिन असताना, एन्क्रिप्शन काहीच वाचवत नाही, तेव्हा एखादं व्हायरसवालं अटॅचमेंट उघडलं तर संपलं. चोरी झाली, हरवलं, दुरुस्तीला दिलं, त्या वेळेसाठी हे आहे.

हे सगळं झालं आणि मग स्क्रीनने विचारलं, रिकव्हरी की कुठे ठेवायची? बाई, मी तिथेच अडकले ती अजून सुटलेली नाही.

युनिव्हर्सिटी म्हणते आमच्याकडे जमा करायची तर करा, सक्ती नाही. त्यांनी दिलेलं मशीन असतं तर मी आनंदाने केली असती, मशीन त्यांचं, की त्यांची. पण हा माझा लॅपटॉप आहे, यात त्या बायका आहेत, माझी डायरी आहे, तुझी सगळी जुनी मेल्स आहेत. मी त्या बायकांना शब्द दिलाय की हे माझ्याशिवाय कोणी ऐकणार नाही, आणि की दुसऱ्याच्या कपाटात असेल तर तो शब्द अर्धाच राहतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवता येते, बऱ्याच जणांची आपोआप तिथे गेलेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो. हरवण्याच्या भीतीवर हा चांगला उपाय आहे आणि बहुतेकांना मी हाच सांगेन. पण खात्यातली की कायदेशीर आदेश आला तर कंपनी देऊ शकते, आणि खातं कोणी फोडलं तर कीसुद्धा त्याचीच, म्हणून या डेटासाठी मला तो पर्याय नको. मग उरला कागद. एकच कागद, एकाच ड्रॉवरमध्ये, आणि तो कुठला ड्रॉवर ते फक्त मला माहीत.

म्हणजे लंबूचंच झालं ना गं हे.

तुला आठवतं, आपण शेवटी त्याच्या डिस्कचा हेडर, म्हणजे सुरुवातीचा कुलपाची माहिती असलेला भाग, वाचून बघितला होता? लक्सचं (लिनक्समधलं डिस्क एन्क्रिप्शन, त्याने तेच लावलं होतं) ते चांगलं आहे, पासफ्रेज नसला तरी स्लॉट किती भरलेत ते दिसतं. त्याच्या वेळच्या व्हर्जनमध्ये आठ स्लॉट, म्हणजे आठ वेगवेगळे पासफ्रेज ठेवता येतात, एकाच डिस्कला, आठ जणांना. स्लॉट शून्य इनेबल्ड. खाली सात ओळी डिसेबल्ड, डिसेबल्ड, डिसेबल्ड. तू उठून बाहेर गेलीस. मी ती यादी बघत बसले. सात जागा होत्या आणि त्याने एकही कोणाला दिली नाही, तुला नाही, मला नाही, बहिणीला नाही. ज्याला कुलूप लावण्याची एवढी अक्कल होती त्याने दुसरी किल्ली केलीच नाही, कारण बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी कोण करतं.

मग आपलं भांडण. तू म्हणालीस फॉरमॅट करा आणि त्या पोरीला वापरू द्या, मढं सांभाळत बसू नका. मी म्हणाले हात लावायचा नाही. मी अजूनही तेच म्हणते. पासफ्रेज सापडायची शक्यता शून्य नाही, कधीतरी त्याच्या एखाद्या वहीत सापडेल, बहिणीला अचानक काहीतरी आठवेल, आणि फॉरमॅट केलं असतं तर तेही संपलं असतं. तू रागावून गेलीस तेव्हा मी त्या हेडरचा बॅकअप घेऊन ठेवलाय, दोनेक एमबीची फाइल, कारण हेडर खराब झाला तर बरोबर पासफ्रेज मिळूनही डिस्क उघडत नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पण तुझंही मला आता जरा कळतं. तू त्याच्यावर चिडली होतीस, डिस्कवर नाही. बहिणीला फोटो हवे होते, काकूंना त्याचा आवाज हवा होता, सगळं तिथेच होतं, आणि अंदाज लावायला बसलो तर प्रत्येक पासफ्रेजला मुद्दाम सेकंदभर घालवायचा अशीच त्याची रचना. चोरासाठी केलेली, आणि समोर बसलेलो आपण.

तर काम असं. माझ्या रिकव्हरी कीचा एक कागद मला तुझ्याकडे ठेवायचाय. त्यावर ४८ आकडे असतील आणि वर कीचा आयडी, म्हणजे निळ्या स्क्रीनवर जो आयडी दिसतो त्याच्याशी जुळवून बघता येईल की हीच ती की. माझं नाव, मशीनचं नाव काही नसेल. लॅपटॉपशिवाय त्या आकड्यांचा कोणाला काही उपयोग नाही आणि लॅपटॉप माझ्याकडे आहे, तू इतकी लांब राहतेस हे या एका बाबतीत फार बरं आहे. मला काही झालं तर लॅपटॉप आई तुझ्याकडे देईल, तिला तसं सांगून ठेवलंय, कारण विचारलंन पण मी सांगितलं नाही. रेकॉर्डिंग्जचं फोल्डर न ऐकता पुसायचं. फोटो आईला. डायरी तू ठरव, तुझ्याबद्दल त्यात बरंच आहे आणि सगळं चांगलं नाही. की बदलली तर मी नवीन कागद देईन आणि जुना तू फाडायचास, एवढं लक्षात ठेवशील का? कीबोर्डच्या खाली पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड ठेवणाऱ्या बाईला मी हे सांगतेय हे मला ठाऊक आहे. तरी तूच.

नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हण. हे ओझं आहे, मला कळतं, आणि लंबूनंतर तर जास्तच. पण विचार करून म्हण, चिडून नको.

तुझी नवी नोकरी कशी आहे, तो बॉस अजून रात्री मेल टाकतो का, छोटी शाळेत रमली का, सगळं लिही. घरच्या मशीनवर अजून विंडोज १० आहे का? त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, नवऱ्याला सांग काहीतरी करायला, छोटीचे सगळे फोटो त्याच्यावर आहेत म्हणाली होतीस. बॅकअप आहे ना?

भेटशील तेव्हा कागद हातातच देईन. तोवर या विषयावर मेसेज करू नकोस, आणि दिल्यावर त्याचा फोटो काढू नकोस, तुझे सगळे फोटो आपोआप क्लाउडवर जातात. पत्रानेच उत्तर दे, दोन ओळी चालतील, हो किंवा नाही.

तुझीच,
मी

ता.क. लंबूच्या बहिणीचा परवा फोन होता, डिस्क अजून तिच्याच कपाटात आहे. तिला तुझा नंबर दिलाय. उचल.